अडकित्त्याचा कोठा

लालबागच्या चाळीत एक प्रश्न गॅलरीत उभं राहून विचारू नये: अडकित्त्याच्या खिळ्याला तेल कोणतं घालायचं? पाण्यावरूनही इथे भांडणं होतात, पण ती पाणी गेल्यावर मिटतात.

डॉक्टरांच्या धाकाने आमच्या आजीने सुपारी सोडली. कातरणं सोडलं नाही. मजल्यावरच्या सगळ्या पानाच्या डब्यांचा पुरवठा अजून तिच्याकडेच. अडकित्ता तिच्या सासूचा, लोखंडी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीचे एकाहून एक अडकित्ते आहेत, पण त्यांना सुपारी कातरून दाखवावी लागत नाही. आमच्याला लागते, आणि ऐन गणपतीत तो अडून बसला.

दोष सुपारीचाच. तिच्यातलं टॅनिन लोखंडाला लागलं की काळं होतं. पूर्वी शाई बनायची ती याच रसायनाने. म्हणजे खिळ्याच्या फटीत आधी शाई, तिच्यात चुना, वर सुपारीचा भुगा आणि हे सगळं मुरवायला मुंबईची दमट हवा. बरं, खिळा ठोकून बसवलेला. स्क्रू नाही की काढला, पुसला, लावला.

पहिला सल्ला मालवणहून आलेल्या काकींचा. ‘खोबऱ्याचा तेल घाल रे, काय होवचा नाय!’ पण खोबरेल साधारण चोवीस अंशांच्या खाली गोठतं. जानेवारीत बाटली गोठेल त्या सकाळी अडकित्ताही गोठेल. शेंगदाण्याचं तेल हवेने चिकट होत जातं. पुरावा हवा असेल तर कुणाच्याही शेगडीमागच्या भिंतीला हात लावून बघा. समोरच्या वहिनींनी शिवणाच्या मशीनचं तेल पुढे केलं. मी म्हटलं, ‘वहिनी, सुपारी तोंडात जाते हो.’ वहिनी म्हणाल्या, ‘मग? एक थेंब तर घालायचाय!’

तेवढ्यात गिरणीवाले काका आले. हातात खोकल्याच्या औषधाची बाटली, आत स्पिंडल ऑइल. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चात्यांना हे तेल घालत, तर तुमचा अडकित्ता किस झाड की पत्ती. बाटली खात्यातून घरी कशी आली, हे चाळीत कोणी विचारत नाही. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला आणि रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. त्या हिशेबाने काका अजून संपावरच आहेत, आणि म्हणून सल्ल्याला मोकळे.

खिशातल्या घडीच्या चाकूंचं दुखणं हेच. तेही फळं कापतात, तेही खिळ्यात अडतात. १८८४ पासून धंद्यात असलेल्या स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सचा उपाय साधा आहे: कोमट पाण्यात बुडवून पातं उघडझाप करा, वाळवा, तेलाचा एक थेंब द्या. मी तसंच केलं. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश, उघडझाप. पाण्यात ती शाई उतरेपर्यंत. मग कापडाने पुसून पंख्याखाली, कारण आपल्या हवेत रात्रभर ओला ठेवलेला अडकित्ता सकाळी गंज घेऊन उठतो.

तेलाचा तिढा मात्र केमिस्टकडे सुटला. लिक्विड पॅराफिन: वास नाही, गोठत नाही, चिकटत नाही, पोटात गेलं तरी चालतं. किंबहुना पोटात जाण्यासाठीच विकतात, बद्धकोष्ठावर.

‘कुणासाठी?’ काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

‘आजीच्या अडकित्त्यासाठी. गणपतीपासून हलतच नाहीये.’

त्याने माझ्याकडे न बघता बाटली कागदात गुंडाळली आणि आवाज खाली आणून म्हणाला, ‘रात्री झोपताना द्या.’

थेंब आत गेला, जास्तीचं पुसलं. वरची दांडी धरली की खालची आपल्या वजनाने पडते, परीक्षा एवढीच. आजीने एक सुपारी कातरून निकाल जाहीर केला. काकांनी बाटलीचं बूच काढून वास घेतला, पुन्हा घेतला.

‘हे आमचंच तेल. नुसता वास काढून घेतलाय.’

दोन्ही खनिज तेलंच, एक जास्त शुद्ध केलेलं. हे मी काकांना सांगितलेलं नाही.