काखेत तुरटी, गावाला वळसा

घामाला वास नसतो. आपल्या समाजाला हे पचायला जड जाईल, पण खरं आहे. ग्रंथीतून बाहेर पडतो तेव्हा घाम जवळपास निर्गंधच असतो. काखेत मात्र वयात आल्यावर जाग्या होणाऱ्या काही खास ग्रंथी आहेत. त्यांचा दाटसर स्राव तिथले जिवाणू चवीने खातात, आणि आपल्या नाकाशी येतो तो त्या पंगतीनंतरचा दरवळ. कोरिनेबॅक्टेरियम हे त्या पंगतीतल्या मानाच्या पाहुण्याचं नाव. एवढंसं प्रकरण मिटवायला आंघोळ पुरेशी होती. पण आंघोळीची कार्यशाळा भरवता येत नाही.

डिओची येते. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये 'घरच्या घरी नैसर्गिक डिओडरंट' या विषयावर नुकतीच ती भरली. भर मे महिन्यात, एसी 18 वर ठेवून. फी एवढी की तेवढ्यात बाजारचा डिओ अख्ख्या घराला वर्षभर पुरावा. "आपल्या आज्या कुठे डिओ वापरायच्या?" असा प्रश्न टाकून मार्गदर्शक बाईंनी सुरुवात केली. सगळ्यांच्या माना डोलल्या. मग आज्या काय वापरायच्या, हे कोणीच विचारलं नाही, कारण तोवर टेबलावर साहित्य मांडून झालं होतं.

आजीच्या नावाने मांडलेल्या त्या साहित्यात पहिलं होतं शिया बटर. घाना, बुर्किना फासो अशा पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत बायका शियाच्या बिया भाजून, कुटून, घुसळून हे लोणी काढतात. त्यांचा घाम या पाककृतीत धरलेला नाही. मग ऑस्ट्रेलियाच्या टी ट्रीचं तेल, लॅव्हेंडरचे थेंब, आरारूट, खाण्याचा सोडा. आणि आपल्या मातीशी नातं म्हणून खोबरेल. तेही साधं नव्हे, कोल्ड प्रेस्ड. साधं खोबरेल डोक्याला लावायचं असतं, काखेचा मान मोठा.

सगळं वितळवून, ढवळून, साच्यात ओतून थंड केलं की झाली कांडी. क्लबहाउसमध्ये ती कांडीच होती. घरी नेल्यावर मात्र खोबरेलाने आपला धर्म पाळला. 24-25 अंशांना ते वितळतं आणि ठाण्यात मे महिन्यात तेवढं तापमान पहाटेसुद्धा नसतं. तासाभरात कांडीची आमटी झाली. व्हॉट्सॲप गटावर हाकाटी उठली, उत्तर आलं, 'फ्रिजमध्ये ठेवा.' ठेवली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सासूबाईंनी सकाळी त्यातलाच गोळा काढून थालीपिठावर घातला, असं कळतं. तक्रार आली नाही. 'लोण्याला जरा फुलांचा वास मारतोय' एवढंच त्या म्हणाल्या. नैसर्गिकतेचं याहून मोठं प्रमाणपत्र कुठली प्रयोगशाळा देणार?

खरी गंमत सोड्याची. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, तिचा सामू पाचाच्या आसपास. सोड्याचा आठाच्या वर. ढोकळ्याला फुलवणारा हा गृहस्थ रोज काखेत चोळला की काहींची काख चुरचुरते, लाल होते, पुरळ येतं. याला जुने लोक सोडा बाधला म्हणायचे आणि सोडा थांबवायचे. गटावर याला 'डिटॉक्स' म्हणतात. आजवर रासायनिक डिओने कोंडून ठेवलेली विषं आता बाहेर पडताहेत, तेव्हा घाबरू नका, लावत राहा! शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंड अशी दोन खाती जन्मापासून नेमलेली आहेत, आणि घाम म्हणजे बहुतांशी पाणी नि मीठ, हे सांगायला गेलेल्या एका डॉक्टर सभासदाला 'फार्मा लॉबीचा माणूस' ठरवून गटातून काढण्यात आलं. आता ते जिन्यात भेटले की दोन पायऱ्या वर उभे राहून बोलतात. ते गटाला घाबरून की गटाच्या काखेला, हे विचारायचा धीर झालेला नाही.

डिओच्या या धंद्याची वंशावळ पाहण्यासारखी आहे. 1888 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला 'मम' नावाचं मलम निघालं. पुढे एडना मर्फी नावाच्या तरुणीने वडिलांनी केलेलं औषध काखेसाठी विकायला काढलं. वडील शल्यविशारद, शस्त्रक्रिया करताना हाताला घाम येऊ नये म्हणून त्यांनी ते केलेलं. नाव 'ओडोरोनो'. खप बेताचा, कारण बहुतेक बायकांना आपल्याला याची गरज आहे असं वाटतच नव्हतं. जेम्स वेब यंग या जाहिरातवाल्याने नेमकी तीच उणीव भरून काढली. 1919 च्या त्याच्या जाहिरातीचा मथितार्थ असा, की बाई, तुझ्या काखेला वास येतो, तुला तो कळत नाही आणि तुला कोणी सांगत नाही. ती छापणाऱ्या मासिकाच्या दोनेकशे वाचकांनी संतापून वर्गणी बंद केली. ओडोरोनोची विक्री वर्षभरात दुपटीच्या वर गेली. रागावलेल्यांतल्या किती जणींनी गुपचूप बाटली आणली, याची नोंद अर्थातच नाही.

शंभर वर्षं लाज विकून झाल्यावर बाजारात लाजेचा तुटवडा पडला, म्हणून आता भीती आणली आहे. जुन्या दुकानात 'तुझ्या काखेला वास येतो', नव्या दुकानात 'तू जे लावतोस ते विष आहे'. विष म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. घाम अडवणाऱ्या उत्पादनांत त्याचे क्षार असतात, ते घामाची तोंडं तात्पुरती बुजवतात. त्यामुळे स्तनांचा कर्करोग होतो असं फॉरवर्ड गेली कित्येक वर्षं फिरतंय. आजवरच्या अभ्यासांत तसा स्पष्ट संबंध सापडलेला नाही, पण फॉरवर्डला अभ्यासाची सक्ती नसते.

तर ॲल्युमिनियमवर तासभर तोंडसुख घेऊन झाल्यावर बाईंनी कार्यशाळेचा कळसाध्याय उघडला. तागाच्या पिशवीतून एक पारदर्शक खडा निघाला. 'मिनरल क्रिस्टल', संपूर्ण नैसर्गिक. ओला करून काखेत फिरवायचा. किंमत ऐकून पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा पुसून खडा हातात घेतला, उजेडात धरला, जिभेला लावला आणि म्हणाले, "अहो, ही तर तुरटी!"

तुरटीच होती ती. दाढी झाल्यावर न्हावी गालावर फिरवतो ती, पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात फिरवायची ती, बाळाची दृष्ट काढायला लागते ती. वाण्याकडे दहा-वीस रुपयांना मिळणारी. तिचं रासायनिक नाव पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. आजोबा रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक निघाल्यामुळे त्यांनी यातला मधला शब्द जरा जोर देऊन उच्चारला. क्षणभर शांतता पसरली. मग बाई म्हणाल्या, "काका, हे नैसर्गिक ॲल्युमिनियम आहे." टाळ्या पडल्या. अकरा खडे खपले.

तुरटी जिवाणूंना आवरते, हे खरंच. म्हणजे कार्यशाळेत काम करणारी वस्तू ही एकच, आणि तीच शिकायला पैसे लागत नव्हते.

एक गोष्ट त्या वातानुकूलित खोलीत निघाली नाही. ज्यांना खरोखर घाम येतो त्यांच्यापैकी तिथे कोणी नव्हतं. वाशीच्या बाजारात पोती वाहणारे माथाडी दिवसभर घाम गाळतात. त्यांच्यासाठी या राज्याने 1969 मध्ये वेगळा कायदा केला, पण लॅव्हेंडरची तरतूद त्यात राहून गेली. त्यांचं दुर्गंधनाशक म्हणजे संध्याकाळची बादलीभर आंघोळ, तीही पाणी असेल तर. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात तिथे कोणाच्या अंगाला वास मारला असेल, तर त्यावर टी ट्रीचे किती थेंब घालावेत हे कृतीत दिलेलं नाही.

आमच्या सोसायटीला घामाची जाण मात्र पूर्वीपासून आहे. डिलिव्हरीची पोरं, सुतार, घरकामाच्या मावशी यांनी फक्त मालवाहू लिफ्ट वापरावी, असा फलक तळमजल्यावर आहे. कारण लिहिलेलं नाही, सगळ्यांना माहीत आहे. कार्यशाळेनंतर पंधरवड्याने सभासदांच्या लिफ्टबद्दल तोंडी तक्रारी सुरू झाल्या. सकाळी साडेआठला आत शिरलं की खोबरेल, लॅव्हेंडर आणि त्यांच्या मागून हळूच येणारा तो मूळ पंगतीचा दरवळ. कमिटीची तातडीची बैठक झाली. 'नैसर्गिक डिओ वापरणाऱ्या सभासदांनी तूर्त मालवाहू लिफ्टने यावे-जावे' असा ठराव सेक्रेटरींनी भीत भीत मांडला. गटाच्या ॲडमिन ताडकन उठल्या. "आम्ही काय डिलिव्हरीवाले आहोत का?"

ठराव मागे घेतला. सोड्याचं प्रमाण पक्कं होईपर्यंत सभासदांच्या लिफ्टमध्ये मोठा पंखा बसवावा, असं एकमताने ठरलं. खर्च मेंटेनन्समधून.