माहूरगडाची मठयात्रा, आर्णीमार्गे

आर्णीच्या माणसाला जुने मठ पाहायचे असतील, तर अरुणावतीकाठ सोडून माहूरची एसटी धरावी लागते. माहूर नांदेड जिल्ह्यात, पैनगंगेपलीकडे. धनोड्याचा पूल ओलांडला की विदर्भ संपून मराठवाडा लागतो. बसमधला कापसाच्या भावाचा विषय मात्र तसाच चालू राहतो. पावसाळ्यात पैनगंगा पुलावर चढली, की यात्रेकरूला वैराग्य अलीकडच्या काठावरच येते.

मठ पाहण्याची इंग्रजी रीत वेगळी. यॉर्कशरमधले फाउंटन्स आणि रिव्हो हे दोन्ही मठ ११३२ सालचे. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८-३९ मध्ये, ते मोडीत निघाले. आता तिथे हिरवळीवर उभे राहून छप्पर नसलेल्या भिंती पाहायच्या. तिथले सिस्टर्शियन साधू मौन पाळत आणि खाणाखुणांनी बोलत. माहूरला ही सोय नाही. इथले मठ चालू आहेत आणि पाहुण्याने देव पाहण्याआधी मठ पाहुण्याला पाहून घेतो : गाव कोणते, कोणाचे, जेवण झाले का?

पहिले शिखर रेणुकेचे, साडेतीन पीठांपैकी एक. देवीचा शेंदरी मुखवटा तेवढा दर्शनाला असतो. नैवेद्य तांबुलाचा. विडा खलबत्त्यात कुटून त्याचा लगदा करतात, त्यामुळे दातांचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो माकडांचा. माकड नारळाची शेंडी धरते, भाविक पिशवीचा बंद धरतो आणि निकाल बहुधा माकडाच्या बाजूने लागतो.

दत्तशिखरावर दशनामी गोसाव्यांची महंतगादी आहे. दत्तात्रेयांचा दिनक्रम परंपरेने ठरलेला : स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. हे वेळापत्रक कोणत्याही आगाराला झेपणारे नाही. शिवाय दिवसा धापा टाकत शिखर चढणारा प्रत्येक जण नेमका यजमान बाहेरगावी असताना येतो. त्याबद्दल कुरकुर करताना आजवर कोणी दिसलेला नाही. तिसरे शिखर अनसूयामातेचे. तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांची श्रद्धा शाबूत आणि गुडघे मोडकळीस आलेले असतात.

गोंधळ होतो तो देवदेवेश्वराला. हे स्थान महानुभावांचे, आणि त्यांच्या मते दत्तात्रेयप्रभूंचे निद्रास्थान हेच. पंचकृष्णांपैकी चक्रपाणींना याच डोंगरात वाघाच्या रूपातल्या दत्तात्रेयांनी डोक्यावर पंजा ठेवून ज्ञान दिले, असे पंथ सांगतो. दत्त इथे एकमुखी, नमस्कार ‘दंडवत प्रणाम’. दत्तशिखरावरून ‘जय गुरुदेव’ करत उतरलेला माणूस त्याच तंद्रीत इथेही ‘जय गुरुदेव’ म्हणतो. समोरून शांतपणे ‘दंडवत’ येते आणि पाहुणा घाईघाईने दोन्ही एकदम म्हणून टाकतो.

यॉर्कशरचा निवांतपणाच हवा असेल त्याने पांडवलेण्यात जावे. खडकात कोरलेले, खांबांवर तोललेले हे दालन राष्ट्रकूटकाळातले. पांडवांचा संबंध नावापुरता. इथे गाव कोणते, हे विचारायला कोणी नाही. पाचच मिनिटांत पाहुण्याला चुकल्यासारखे होते आणि तो सोबतच्या माणसाला विचारतो, ‘जेवण झालं का भाऊ?’

राखीपौर्णिमेला गडाची परिक्रमा असते. मठ नीट पाहायचे असतील तर तो दिवस टाळावा. माणसे पाहायची असतील तर तोच धरावा आणि आर्णीच्या फलाटावर रुमाल टाकायला एक चपळ पुतण्या सोबत घ्यावा.