पायाखालचे गुरुजी

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडात गणपतीच्या मांडवापुढे उद्या एखादा पोरगा गिटार घेऊन बसला, तर पायाशी वाजवलेलं पुन्हा पुन्हा फिरवणारा लूपर असणारच. आधी लाकडावर थाप, मग दोन तारांची कुरकुर, मग नाकातलं ‘हं हं’. पेडल दाबलं की तिन्ही एकमेकांच्या खांद्यावर चढून फिरायला लागतात. साचा ब्रिटिश गायक एड शीरनचा. तो मार्च 2024 मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर येऊन गेला. साचा मात्र इथेच राहिला.

फार शहाणे असतात ते गिटारवादक रॉबर्ट फ्रिपचे चेले. 1973 साली ब्रायन ईनोबरोबरच्या त्याच्या तबकडीत दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत फिरली. वाजवलेला सूर काही सेकंदांनी परत यायचा. चेले तासभर धुकं सोडतात आणि त्याला ध्यान म्हणतात.

नकलेतून सुटावं कसं, हे खरं तर आमच्या जिल्ह्याला ठाऊक असायला हवं. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली पोरवयात बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचा. टाळ्या मिळाल्या, ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. तरी मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकायला बसावंच लागलं. पुढे कुमारांवर घराण्याचा शिक्का मारणं भल्याभल्यांना जमलं नाही.

लूपवाल्याला हे सांगून पाहा. तो ते रेकॉर्ड करून तीनदा ऐकवेल. त्याचाही काय दोष? 1956 पासून इथे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाची एकच ओळ फिरतेय. पेडल मुंबईच्या पायाखाली, बंगळुरूच्या की दिल्लीच्या, एवढंच ठरायचं बाकी आहे.