भाऊ ऐकतो कुठं?

मराठीत भावावर जेवढी गाणी आहेत, तेवढी नवऱ्यावर नसावीत. नवऱ्याचं नाव घ्यायलासुद्धा उखाण्याचा आडोसा लागायचा. भावाला मात्र चंद्र म्हणा, सूर्य म्हणा, गावचा राजा म्हणा, कोणाची हरकत नसे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधल्या ओव्यांत भावाबहिणीचा ऐवज भरपूर आहे. पुढं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, तिथंही हा भाऊराया पावलोपावली भेटतो. एवढं कौतुक दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं असतं तर त्याला चालणं अवघड झालं असतं. भावाचं तसं काही झालं नाही, कारण त्याला हे काही ऐकूच गेलं नाही.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं जुनं घर डोळ्यांपुढं आणा. पहाटेचा काळोख, माजघरात जातं, खुंट्याला दोन हात. ज्वारीची मूठ वैरली की एक ओवी, पुन्हा मूठ, पुन्हा ओवी. सासुरवाशीण आर्णीजवळ दळतेय आणि ज्याच्या घोड्याचं, पागोट्याचं, मोठ्या मनाचं वर्णन चाललंय तो वणीकडं डोक्यावरून गोधडी घेऊन घोरतोय. मग ही गाणी ऐकायचं कोण? पलीकडच्या खोलीत जागी झालेली सासू. माझं मत विचाराल तर ओवीवर नाव भावाचं असलं तरी ती पोचायची सासूला. माझ्यामागं माणूस आहे, तो येणार आहे, गाडी जुंपून येणार आहे, हे सासूला तोंडावर सांगायची सोय नव्हती. जात्याच्या घरघरीत ते सांगता येत होतं. शिवाय दळणही होत होतं, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

या कौतुकात मुत्सद्दीपणाही काही कमी नाही. ओवीतला भाऊ कधी चुकत नाही. साडी हलकी निघाली, मूळ धाडायला उशीर झाला, दिवाळीचं बोलावणं कोरडं वाटलं, तर दोष सरळ भावजयीचा. भाऊ द्यायलाच निघाला होता, आतून कोणीतरी डोळे वटारले! भावजय बिचारी माहेराहून परत आली की इथल्या जात्यावर स्वतःच्या भावाला असाच निर्दोष सोडवायची. त्यामुळं हिशेब कुठंतरी जुळत असावा.

खरं तर आमच्याकडच्या भावाचं मन किती मोठं हे कापसावर ठरतं. शेतात सीतादहीची पूजा होऊन पहिली वेचणी सुरू होते ती दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं, आणि भाऊबीज नेमकी त्याच घाईत येते. गाठीला पैसा नसतो आणि कापूस घरात असतो. मग थोडा कापूस खेडा खरेदीवाल्याला पडत्या भावात घालायचा आणि यवतमाळला जाऊन साडी घ्यायची. म्हणजे बहीण भावाला ओवाळते तेव्हा ताटात पडते ती नोट दोन ‘भावां’मधून निघून आलेली असते. बाजारातला भाव पडला की घरातल्या भावाचा आवाजही बसतो. हे ओवीत येत नाही. ओवीत कायम पितांबरच येतं.

भावाच्या कौतुकाची लहान मुलींची तालीम सासरी जायच्या आधीच सुरू होते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई बसते, सोबत भुलोजी. फराकातल्या पोरी सासू, नणंद, माहेर, न्यायला येणारा भाऊ असा सगळा संसार टाळ्या वाजवत गाऊन टाकतात. इथं भाऊ मात्र हजर असतो. दाराच्या चौकटीला टेकून उभा असतो, पण त्याचं सगळं लक्ष डब्यात खिरापत कुठली आहे याकडं. ‘करंजी? मुरमुऱ्याचा लाडू?’ असं मध्येच ओरडून गाणं तोडतो. त्याच्या स्तुतीच्या ओळी चालू असतात तेव्हाच.

भावाला समोर उभं करून ऐकवायची हिंमत आमच्या जिल्ह्यात बंजारा समाजानं केली. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर नवरीला ढावलो, म्हणजे रडत गायचं गाणं, शिकवला जायचा. लग्नात ती एकेकाच्या गळ्यात पडून गात रडायची: याडी म्हणजे आई, बाप, मग भाऊ. निघताना बैलाच्या पाठीवर उभी राहून हवेली हे निरोपाचं गाणं म्हणायची. आता बैलाची जागा गाडीनं घेतली आणि पाठ असणाऱ्या म्हाताऱ्या कमी झाल्या, ते असो. पण विचार करा, बहीण गळ्यात पडून सूर लावून तुमचे उपकार सांगतेय आणि सगळा तांडा बघतोय. पळायला जागा नाही. अशा वेळी भावानं काय करावं? तो बहुधा बैलाची वेसण उगाच पुन्हा बांधत असेल.

आणि धाकट्या भावांचं काय, असा प्रश्न मी धाकटा असल्यामुळं विचारतो. दादाची तोकडी झालेली पँट, दादाची घंटी नसलेली सायकल, दादानं बापाचा खाल्लेला मार, एवढं सगळं वापरूनही आमच्या नावावर गाणं नाही. पण एका धाकट्यानं सगळी थकबाकी एकदम चुकती केली आहे. शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला, तो थोरल्या भावाला गुरू मानून. सुमारे नऊ हजार ओव्या, आणि जागोजाग निवृत्तिनाथांचा गौरव. निवृत्तिनाथ ऐकायला होते. त्या स्तुतीत एकदा ते ‘पुरे, आता ग्रंथाचा अर्थ सांग’ अशा आशयाचं बोलतात, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. थोरला भाऊ तेव्हाही थोरला भाऊच होता. त्याच घरातली मुक्ताई आणखी पुढची. ज्ञानदेव रुसून दार लावून बसले तर हिनं दाराबाहेरून ताटीचे अभंग म्हटले. त्यात कौतुक कमी, कानउघाडणी जास्त. आणि परंपरा सांगते की दार उघडलं.

हल्ली भावाची गाणी सर्वांत मोठ्यानं वाजतात ती वाढदिवसाला. यवतमाळच्या दत्त चौकातून जाताना फ्लेक्सवर ‘भाऊ’ हात जोडून उभे असतात, खाली पासपोर्ट फोटोंची रांग, आणि डीजेवर भाऊंच्या उपकारांचं गाणं. उपकार बहुतेक व्हायचे असतात, पण त्याचं काही नाही. मजुराला उचल देतात तशी ही कृतज्ञतेची उचल. हा भाऊ मात्र गाणं शेवटपर्यंत ऐकतो. नीट वाजलं नाही तर पुन्हा लावायला सांगतो.

आमचा दादा अजून गावीच शेती बघतो. ताई नागपूरला. गेल्या भाऊबीजेच्या आठ दिवस आधी ताईनं घरच्या ग्रुपवर एक जुनं, गहिवरून आणणारं भावाचं गाणं टाकलं, खाली दिवे, फुलं, हात जोडलेले. माझेही डोळे जरा ओले झाले, खोटं कशाला बोलू. दादानं दुपारपर्यंत ते उघडलं नाही. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं: ‘पोचलं. कापूस अजून इकला नाही. साडी पायजे का पैसे?’

ताईनं लगेच लिहिलं, ‘साडी. पण या बारी वहिनीले रंग निवडू देऊ नको.’