सिस्टर नावाचा सर्व्हर

सार्वजनिक आरोग्य खात्याकडे माहिती नाही, असा आरोप करणाऱ्यांची कीव येते. माहिती इतकी आहे की ती भरता भरता रुग्ण तपासायला वेळ उरत नाही. २००४ साली साथरोगांवर नजर ठेवणारा कार्यक्रम आला. २००८ मध्ये मासिक आकड्यांचं एचएमआयएस पोर्टल आलं. त्यात नुसतेच आकडे आहेत, माणसं नाहीत, हे लक्षात आल्यावर २००९ मध्ये गरोदर मातांची आणि बालकांची नावानिशी नोंद सुरू झाली; तीच पुढे आरसीएच पोर्टलात गेली. २०१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय’ आलं, २०२१ मध्ये साथरोगांसाठी आयएचआयपी, त्याच वर्षी महिला व बालविकास खात्याचा ‘पोषण ट्रॅकर’, मग लसीकरणासाठी ‘यू-विन’. उद्घाटन प्रत्येक पोर्टलचं झालं. एखाद्या जुन्या नोंदवहीला निरोप दिल्याचं मात्र फारसं ऐकिवात नाही.

या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करायचं, तर उपाय ठरलेला आहे: सेवाभिमुख रचना, अर्थात सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर. कल्पना खरोखर चांगली आहे आणि सल्लागारांच्या सादरीकरणात दिसते त्याहून पुष्कळ सोपी आहे. प्रत्येक यंत्रणेनं आपलं दप्तर आपल्याकडेच ठेवायचं, फक्त एक खिडकी उघडायची. ठरलेल्या नमुन्यात प्रश्न आला की ठरलेल्या नमुन्यात उत्तर द्यायचं. निक्षयनं आपली सगळी यादी कुणाच्या हवाली करायची नाही. ‘या बाईवर क्षयाचे उपचार चालू आहेत का’ एवढंच, आणि तेही विचारणाऱ्याला अधिकार असेल तरच, सांगायचं. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं केंद्रानं २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेलं आयुष्मान भारत डिजिटल मिशन याच विचारावर उभं आहे: माहिती जिथल्या तिथे, ओळखीला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आणि देवघेवीला एफएचआयआर हे मानक. कागदावर म्हणाल तर काम फत्ते.

प्रत्यक्षातही जोडणी झालेलीच आहे, फक्त ती यंत्रानं केलेली नाही, एका बाईनं केली आहे. तिला उपकेंद्रात सिस्टर म्हणतात, आस्थापनेच्या कागदावर आरोग्य सेविका. सुनीता नावाची कुणीही गरोदर बाई घ्या. आरसीएचमध्ये तिचा बारा आकडी क्रमांक, आभाचा चौदा आकडी, आधारचा पुन्हा बारा आकडी, अंगणवाडीत निराळी नोंद, मातृवंदना योजनेच्या पैशांसाठी निराळा अर्ज आणि थुंकीच्या तपासणीत क्षय निघालाच तर निक्षयचा आणखी एक क्रमांक. इंग्रजीत लिहिताना तिच्या ‘नी’ला एकीकडे आय लावलेला, दुसरीकडे डबल ई. जन्मतारीख ठाऊक नाही म्हणून एका पोर्टलात १ जानेवारी, दुसऱ्यात शाळेच्या दाखल्यावरची १ जून. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा सातव्या महिन्यात ती सासरच्या यादीत ‘आढळून आली नाही’ आणि माहेरच्या केंद्रात लग्नाआधीच्या आडनावानं नव्यानं दाखल. बीडकडची असेल तर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली. नोंद गावात आणि बाई कोल्हापूर-सांगलीच्या फडात. यंत्रणेच्या लेखी या तीन सुनीता. त्या एकच आहेत हे सिस्टरला ठाऊक असतं, कारण तिनं सासूला, मग आशाताईंना, मग मुकादमाला फोन लावून विचारलेलं असतं. एवढं करून महिनाअखेर एचएमआयएसमधला बाळंतपणांचा आकडा आरसीएचमधल्या नावांशी जुळला नाही, तर तालुक्याच्या बैठकीत खुलासाही तिलाच. भांडण दोन सर्व्हरचं, मेमो बाईला.

अडचण तंत्रज्ञानाची असती तर कोविडच्या लसीकरणाचं ‘कोविन’ पोर्टल चाललंच नसतं. २०२१ मध्ये त्याच्या खिडक्या बाहेरच्या अॅप्ससाठी उघडल्या आणि लसीचं प्रमाणपत्र डिजिलॉकरपासून आरोग्य सेतूपर्यंत कुठूनही मिळू लागलं. सरकार तेच, देशही तोच. फरक इतकाच की तेव्हा प्रश्न विचारायला सगळा देश रांगेत उभा होता आणि त्याला ‘उद्या या’ म्हणण्याची सोय नव्हती. एरवी माहिती ज्याच्या हातात, आढावा बैठक त्याच्या हातात. ती दुसऱ्या कार्यक्रमाच्या अधिकाऱ्याला फुकट का द्यावी? म्हणून आपल्याकडच्या बहुतेक खिडक्या वरच्या दिशेनं उघडतात. उपकेंद्रानं भरायचं, तालुक्यानं तपासायचं, जिल्ह्यानं लाल-हिरवं रंगवायचं, मुंबई-दिल्लीनं पाहायचं. ‘माझ्या गावची सुनीता सध्या कुठे आहे आणि तिथे तिचं हिमोग्लोबिन किती भरलं’ हा प्रश्न उपकेंद्राला खालून विचारता येईल अशी खिडकी क्वचितच सापडते. आणि सेवाभिमुख रचनेचा खरा उपयोग तर त्या प्रश्नालाच आहे. वरच्यांना आकडा लागतो. सिस्टरला बाई शोधायची असते.

यावर काही जण म्हणतील, एवढी यातायात कशाला, सगळ्यांसाठी एकच महापोर्टल करा. जरूर करा. क्षयाचे उपचार किमान सहा महिने चालतात, लसीकरणाचं वेळापत्रक वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत जातं, साथीची खबर आजची आजच हवी. या सगळ्यांसाठी एकच फॉर्म केला तर तो भरून होईपर्यंत साथ आपोआप ओसरेल. शिवाय आज एक सर्व्हर बसला तर एक कार्यक्रम बसतो; महापोर्टल बसलं तर सगळेच बसतील. गावात रेंज नाही, हाही आक्षेप येतो; पण रेंज सहा अॅप्स भरताना आठवत नाही आणि जोडणीचा विषय निघाला की आठवते, म्हणून तूर्त सोडून देऊ. खासगीपणाचा आक्षेप मात्र खरा आहे. क्षय किंवा एचआयव्हीची नोंद गावभर झाली तर बाईचा संसार मोडू शकतो. एचआयव्हीबाबत गोपनीयतेसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे. पण खिडकीवर कुणी, कधी, काय विचारलं याची नोंद तरी ठेवता येते. व्हॉट्सअॅपच्या गटावर ‘अर्जंट’ म्हणून फिरणाऱ्या एक्सेलच्या यादीला ना पहारेकरी, ना हजेरीबुक. जोडणी टाळल्यानं गुपित राखलं जात नाही, ते फक्त फॉरवर्ड होत राहतं. संमती कशी घ्यायची हा प्रश्न उरतोच. चौदा आकडी क्रमांक काढताना अंगठा कशासाठी दिला हे सुनीताला तिच्या भाषेत सांगायला कुणीतरी बसावं लागेल आणि त्याला वेळ लागेल.

तेव्हा पुढच्या निविदेत एकच अट घालून पाहावी: दोन पोर्टलं जोडली म्हणून पैसे मिळणार नाहीत, जोडणीमुळे एक नोंदवही किंवा एक अहवाल बंद झाल्याचं लेखी पत्रक निघेल, त्या दिवशी मिळतील. लेखापरीक्षणाला मग काय दाखवायचं, असा शेरा फाइलवर येईल. त्याला उत्तर एवढंच की शिक्क्याच्या वहीपेक्षा कुणी कधी काय बदललं हे सांगणारी यंत्राची नोंद खोडायला अवघड असते. सुरुवात बाळंतपणांपासून करावी. आरसीएचमध्ये नावं आहेतच, खासगी दवाखान्यांतली बाळंतपणंही त्यातच नावानिशी घ्यावीत. एचएमआयएसनं महिनाअखेर ती खिडकीवरून मोजून घ्यावीत, सिस्टरनं तोच आकडा पुन्हा टाइप करू नये. मग दोन आकडे जुळत नाहीत म्हणून बैठक लावता येणार नाही, ही अडचण तेवढी मान्य आहे.