वीस गुणांची घंटी

रूब गोल्डबर्ग हा अमेरिकी व्यंगचित्रकार शिक्षणानं अभियंता. १९३१च्या एका चित्रात त्यानं जेवणाऱ्याचं तोंड पुसायला पोपट, बादली, अग्निबाण आणि विळा कामाला जुंपला. ती यंत्रवेडाची थट्टा होती. शाळांनी तिचा प्रकल्प केला: अशीच लांबलचक साखळी जुळवून शेवटी घंटी वाजवा, गुण वीस.

आता साखळी अशी चालते: बाईंची सूचना पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते, आई बाबांकडे बघते, बाबा यूट्यूबकडे. रात्री स्टेशनरीवाल्याचं अर्धं ओढलेलं शटर पुन्हा वर जातं. गोट्या आणि फेविकॉल घरी येतात. पुठ्ठ्याच्या उतारावरून गोटी सुटते, डॉमिनो धडाधड पडतात आणि सातव्यापाशी अडतात. बाबा उतार वाढवतात, आई डॉमिनोंमधलं अंतर कमी करते. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा कशी होते, हे दोघांना चाळिशीत उमगतं. ज्याचा प्रकल्प, तो केव्हाच झोपलेला.

प्रदर्शनात चिरंजीव बोटानं गोटी ढकलतात, घंटी वाजते, परीक्षक मान डोलावतात. पहिला क्रमांक!

सातवा डॉमिनो का अडला, हा खरा विज्ञानाचा धडा. तो पालकांनीच गिळला. तेव्हा पालकहो, पुढच्या वर्षी घंटी नाही वाजली तरी चालेल, पण गोटी मुलाच्याच हातात राहू द्या.