अहो वहिनी, एखादी करवत घेता का?

अहो वहिनी, त्या मेथीला पाणी मग घाला, आधी इकडे कुंपणाजवळ या. सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. आमच्या ह्यांनी गॅरेजातल्या करवती काढायला घेतल्यात! काढायला म्हणजे आणखी आणायला नाही हो, द्यायला. हो, हेच ते गृहस्थ, ज्यांनी नाताळात पाहुण्यांची गाडी बर्फात उभी करायला लावली, कारण आत करवती वाळत होत्या.

तुम्ही इथे नवीन, तुम्हाला मागचं काही ठाऊक नाही. फिलाडेल्फियाच्या इतक्या जवळ राहायचं आणि जुन्या करवतींपासून लांब राहायचं, म्हणजे कोल्हापुरात राहून चपलेचं दुकान न बघण्यासारखं आहे. तो टॅकोनीचा पूल आहे ना, पल्याड न्यू जर्सीत पामायराला जाणारा, त्याच्या अलीकडे नदीकाठी डिस्टनचा करवतींचा कारखाना होता. हेन्री डिस्टन. ह्यांच्या तोंडी त्याचं नाव इतक्या वेळा येतं की मला तो चुलत सासराच वाटायला लागलाय. मूळचा इंग्लंडचा, ट्यूक्सबरीचा, 1819चा जन्म. 1833 साली बापाबरोबर आणि बहिणीबरोबर बोटीतून इथे उतरला आणि तीनच दिवसांत बाप गेला. चौदा वर्षांचं पोर हो, परक्या मुलखात! करवती करणाऱ्याकडे उमेदवारीला राहिलं आणि 1840मध्ये स्वतःचं दुकान थाटलं. तेव्हा इथल्या सुतारांना करवत म्हणजे इंग्लंडातल्या शेफील्डचीच हवी असायची. डिस्टनने 1855मध्ये पोलादसुद्धा स्वतःच ओतायला घेतलं. मग 1872 पासून टॅकोनीला जमिनी घेतल्या, कारखाना हलवला, कामगारांसाठी गाव वसवलं. आणि ऐका, जमिनीच्या खतातच अट घालून ठेवली की इथे दारूचा गुत्ता चालणार नाही. त्या गावच्या बायकांनी त्याला किती दुवा दिला असेल!

तर सुरुवात झाली त्या कोपऱ्यावरच्या आजोबांपासून. सुतारकाम केलेले गृहस्थ, घर विकून मुलीकडे निघाले होते. त्यांनी ह्यांना एक करवत दिली, डिस्टनची डी-8. हे त्या वेळी नुकतेच रिटायर झालेले, हाताला काम नाही, मला सूचना करण्यात दिवस जात होता. मी म्हटलं, बरं झालं, गुंततील. गुंतले की! त्यानंतर एक गॅरेज सेल चुकवला नाही ह्यांनी. सकाळी चहा घ्यायच्या आधी बाहेर. एका घरी तर म्हाताऱ्याच्या वस्तू विकायला काढल्या होत्या, तिथे एकाच करवतीला दोघांनी हात घातला. ह्यांच्या हाती मूठ आणि त्या दुसऱ्या गृहस्थाच्या हाती टोक! त्या घरची सून मधे पडली म्हणून बरं. पुढे दोघांचं मेतकूट जमलं ते वेगळं. आता तो गृहस्थ दर रविवारी येतो आणि माझे कांदेपोहे खातो.

पण एक सांगते वहिनी, खोटं कशाला बोलू, वस्तू देखणी असते. क्रमांक 12ची एक आहे, तिची मूठ सफरचंदाच्या लाकडाची, तिच्यावर गव्हाच्या ओंब्यांची नक्षी कोरलेली. हात घातलात की तीनच बोटं आत बसतात. मला वाटलं, बायकांसाठी केली असेल. तर तसं नाही. अंगठ्याजवळचं बोट बाहेर, पात्याच्या दिशेने सरळ ठेवायचं, म्हणजे करवत भरकटत नाही. मुठीवर पितळी बिल्ला असतो, त्यावरच्या अक्षरांवरून करवत साधारण कुठल्या काळातली ते ओळखतात. टाचेकडे, म्हणजे मुठीखाली पात्यावर, आकडा ठोकलेला असतो: 8 असेल तर एका इंचात दातांची आठ टोकं. पात्याच्या पुढच्या टोकाजवळ वरच्या कडेला एक बारीकसं नख काढलेलं असतं. ते कशासाठी, ह्यावर आमच्याकडे रविवारी पोह्यांवर इतका वाद झालाय! आणि खुद्द कंपनीने छापून ठेवलंय की त्याचा उपयोग काही नाही, शोभेपुरतं आहे. तरी वाद चालूच.

आता गंज काढणं. मला आधी वाटायचं, तारेचा ब्रश फिरवला की झालं. नाही हो. पात्यावर कारखान्याने आम्लाने कोरलेली अक्षरं असतात, वर्षानुवर्षांच्या काळपटपणाखाली दडलेली. त्या पोहेवाल्या गृहस्थाने एकदा मशीन लावून पातं आरशासारखं लखलखीत केलं आणि अक्षरं कायमची पुसली. हे मात्र आधी ब्लेडच्या पात्याने, अगदी तिरपं धरून, गंजाचे पापुद्रे खरवडतात. मग लाकडाच्या सपाट ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून, थेंबभर तेल टाकून, एकाच दिशेने घासत राहतात. ठोकळा हवाच, बोटांनी घासलं की कागद खळग्यात शिरतो आणि तीच अक्षरं खरवडून काढतो. एका संध्याकाळी मला हाक मारली. बघते तर त्या करड्या पात्यातून आधी ‘फिला’ उमटलं, मग वळणदार डी, मग त्याखालची सगळी ओळ. डाळ लागली माझी त्या दिवशी, पण बघत उभी राहिले खरी.

मुठीला काही फार करू नये असं माझं मत आहे. घाण पुसायची, फारच खरखरीत झाली असेल तर थोडी घासायची, जवसाचं तेल द्यायचं. काही लोक व्हार्निश फासून तिला शोकेसमधली बाहुली करतात.

खरा छळ धार काढताना. करवत शिकंज्यात धरायची, दात वर. आधी सपाट कानस सगळ्या दातांवरून फिरवायची, म्हणजे कुणी उंच कुणी बुटका राहत नाही. प्रत्येक टोकावर बारीक चमकता ठिपका दिसला पाहिजे. मग तीनधारी कानस घेऊन एकेक खाच. लाकूड उभं चिरायच्या करवतीला कानस आडवी सरळ धरायची. आडवं कापायच्या करवतीला ती तिरपी धरायची, म्हणजे प्रत्येक दाताला बाजूने धार येते. एक दात सोडून एक, मग करवत उलटी फिरवून राहिलेले. ठिपका नाहीसा झाला की थांबायचं. शिवाय दात आलटून पालटून डावी-उजवीकडे किंचित वाकवावे लागतात, नाहीतर पातं लाकडात अडकतं. जास्त वाकवलं तर जुना दात कट्कन तुटतो. आणि तो आवाज! तुम्हाला वाटलं असेल, शेजारी कुणी मांजर पिळतंय. पुढे कळलं की पातं शिकंज्याच्या फार वर राहिलं तर थरथरतं आणि किंचाळतं. खाली दाबून धरलं की गप्प. हे आधी कळलं असतं तर माझी अर्धी डोकेदुखी वाचली असती.

आमच्या माहेरी यायचे ते सुतार जमिनीवर बसायचे, लाकूड पायाने दाबायचे आणि करवत स्वतःकडे ओढायचे, दातही मुठीकडे वळलेले. इथल्या ह्या सगळ्या ढकलायच्या. सुतार उभा, लाकूड गुडघ्याखाली. मी ह्यांना म्हटलं, तुम्हाला दोन्ही नीट जमत नाही, आता गुडघे बघा.

तर काढायचं कसं ठरलं? मीच एक दिवस विचारलं, ह्यातल्या कापतात किती? गप्प. भिंतीवर टांगलेल्या निम्म्यांना धारच नव्हती. डी-8 कारखान्याने 1874च्या सुमारास काढली आणि ढिगाने केली, म्हणून जुनी असली तरी दुर्मीळ नाही. गॅरेज सेलला पाच-दहा डॉलरला पडलेली असते. एकसारख्या इतक्या डी-8 कशाला सांभाळायच्या? मग बसले एकदाचे. प्रत्येक करवत डोळ्यासमोर धरून दातांच्या रेषेवरून नजर टाकली. हलका बाक असेल तर हाताने काढता येतो. पण घडी पडल्यासारखी मोड असेल तर ती रद्द. खड्ड्यांचा गंज दातांपर्यंत पोचला असेल तरी रद्द, कारण धार काढली की टोकं ढासळतात. रद्द झालेल्यांची पाती फुकट जात नाहीत बरं का, त्यांचे तुकडे कापून लाकूड खरवडायच्या पट्ट्या करतात. स्वतःसाठी ठेवलं काय, तर एक साडेपाच टोकांची चिरायला, एक आठाची कापायला, एक बारीक दातांची आखूड, एक पितळी पाठीची सांध्यांसाठी. आणि ती ओंब्यांची क्रमांक 12. ती का, असं मी विचारलं नाही. माझ्याही कपाटात न नेसायच्या पैठण्या आहेत.

उरलेल्या चांगल्या करवती धार काढूनच द्यायच्या, असं मी बजावलंय. बोथट करवत दुसऱ्याच्या गळ्यात मारणं म्हणजे आपली अडगळ त्याच्या घरी नेऊन ठेवणं. आणि आजकाल दुकानात मिळते तिचे दात इतके कडक केलेले असतात की कानस लागतच नाही. बोथट झाली की फेकायची. ह्या मात्र पुन्हा पुन्हा घासून नातवंडांपर्यंत चालतील.

तर वहिनी, शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर मांडणार आहोत. त्या पोहेवाल्याच्या आधी या, तो सगळ्यात चांगली उचलेल. भाऊंनी तुमच्या मेथीसाठी लाकडी वाफे करायचे म्हटलंय ना? त्यांना आठाची एक पुरे. पैसे नकोत, फक्त वापरून झाली की तेलाचं बोट फिरवून ठेवा. आणि दोन देऊ केल्या तरी एकच घ्या.